अँकल ब्लॉकमध्ये पाचही नर्व्ह द्यायच्या का?

रूरल हॉस्पिटल, अल्ट्रासाऊंड नाही, मधुमेही पेशंटचा पायाचा अंगठा काढायचाय आणि सर्जन म्हणतात तीन नर्व्हवर भागतं, असं तुम्ही लिहिलंय. (अँकल ब्लॉक म्हणजे घोट्याभोवतीच्या पाच नर्व्हशेजारी औषध सोडून पाऊल बधिर करणं; 'नर्व्ह देणं' म्हणजे ती बधिर करणं.) कागदावर सर्जनचं बरोबर आहे. पोस्टिरियर टिबियल, डीप पेरोनियल, सुपरफिशियल पेरोनियल दिल्या की अंगठा सुन्न होतो. पण गँगरीनचं बोट कधी बोटापुरतं राहतं? पू मागे सरकलेला निघाला की छेद आतल्या कडेने मागे जातो आणि तिथली सॅफेनस नर्व्ह बधिर झालेली नसते. पाचही द्या. सॅफेनस आणि पाचवी, बाहेरच्या कडेची सुरल, कातडीखालीच आहेत, त्यांना वेळ लागत नाही.

घोडं अडतं ते पोस्टिरियर टिबियलवर. पाय बाहेर वळवून गुडघ्यात दुमडा, आतल्या घोट्यामागे नाडी चाचपा. मधुमेह्यांत ती बऱ्याचदा लागत नाही, मग घोटा आणि टाचेमागची जाड शीर (अकिलीस टेंडन) यांचा मध्य धरा. नाडी लागली तर सुई तिच्या लगेच मागे, सरळ हाडापर्यंत, मग 2 मिमी मागे. सिरिंज ओढून रक्त येत नाही ना पाहा आणि 5 मिली सोडा. सोडताना कातडीखाली फुगा उठला तर औषध रेटिनॅक्युलमच्या (घोट्यावरच्या चिवट पट्ट्याच्या) वरच राहिलंय. नर्व्ह त्याच्या खाली असते, तो ब्लॉक बसणार नाही. तळव्यात करंट गेल्यासारखं झालं तर सुई जरा मागे घ्या, तिथेच औषध सोडू नका. मात्र न्यूरोपॅथीत (मधुमेहाने नर्व्ह खराब झाल्यावर) करंट जाणवेलच असं नाही, त्याची वाट पाहत टोचत बसू नका.

डीप पेरोनियलसाठी अंगठा वर ओढायला सांगा. घोट्यासमोर जी शीर (टेंडन) उठते तिच्या बाहेरच्या अंगाला हाडापर्यंत जाऊन 3 मिली. बाकी तिघींना 4-4 मिली. एकूण 20 मिली 0.5 टक्के बुपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) म्हणजे 100 मिग्रॅ; 50 किलोच्या माणसाला इथेच 2 मिग्रॅ प्रतिकिलोची मर्यादा संपते. पेशंट 40 किलोचा असेल तर औषध त्याच मर्यादेत कमी घेऊन आधीच सलाइनने पातळ करा. अॅड्रेनलिन घालू नका.

आणि थांबा! पोस्टिरियर टिबियल सगळ्यात आधी द्या, कारण ती सगळ्यात उशिरा बसते. वीस मिनिटं तरी धरा. पाचव्या मिनिटाला चिमटा लावून 'ब्लॉक लागला नाही' म्हणणाऱ्या सर्जनशी हुज्जत घालण्यापेक्षा पेंटिंगच्या (पायाला जंतुनाशक लावण्याच्या) आधी ब्लॉक उरका. मधुमेह्यांत तळवा बऱ्याचदा आधीच बधिर असतो, तेव्हा तिथे सुई टोचून ब्लॉक बसला असं समजू नका. आधी कुठपर्यंत कळत होतं ते लिहून ठेवा. अर्धवट ब्लॉक केटामाइनने (भुलीचं इंजेक्शन) झाकणं हा तर शुद्ध आळस, वर पेशंट उपाशी नसेल तर धोका वेगळाच. 'मग सरळ स्पायनलच (पाठीतून भूल) द्या' हे ऐकून कान किटलेत. क्लोपिडोग्रेल (रक्त गोठू न देणारं औषध) चालू, हृदय थकलेलं, अशा पेशंटचं बीपी एका बोटासाठी कशाला पाडायचं?

सूज आणि लाली घोट्यापर्यंत चढली असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. पू असलेल्या जागी औषध नीट चढत नाही आणि सुईबरोबर जंतू आत जातात. तेव्हा पॉप्लिटियल (गुडघ्यामागचा ब्लॉक) आणि वर सॅफेनस, पण त्याला अल्ट्रासाऊंड मशीन किंवा नर्व्ह स्टिम्युलेटर हवा. नसेल तर केस पुढे पाठवा. मांडीला टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) बांधणार असतील तरी अँकल ब्लॉक पुरणार नाही. टेबलाजवळ 20 टक्के लिपिड (बुपिव्हाकेनची विषबाधा झाली तर द्यायचं औषध) आहे का, ते टोचायच्या आधी बघा.