दुष्काळात पशुपालक चारा विकत घेण्याऐवजी गुरे का विकतात?

एका वर्षाच्या अवर्षणासाठी वर्षानुवर्षे जोपासलेला कळप कमी का करावा, असे आपण विचारले आहे. कोकणातल्या राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चरणारी गावठी गुरे मी सांभाळतो, त्या अनुभवावरून सांगतो.

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असला, तरी जांभ्याच्या कातळावर ओल टिकत नाही. सड्यावरचे गवत वाळले की पुढचे सहा महिने गोठा पेंढ्याच्या उडवीवरच चालतो. सव्वादोनशे किलोच्या गाईला रोज साधारण साडेपाच किलो, म्हणजे त्या काळात एक टन, सुका चारा लागतो. सप्टेंबरात पावसाने दडी मारली तर भाताबरोबर पेंढाही घटतो. म्हणून किती जनावरे ठेवायची हे नोव्हेंबरातच, उडवी पाहून ठरवावे लागते. मे महिन्यापर्यंत थांबले तर जनावराची हाडे वर येतात आणि भाव पडतो. घाटावरून पेंढा आणावा, तर तेव्हा तो सर्वांनाच हवा असतो.

अमेरिकेतही हिशोब हाच आहे. टेक्सासमधील 2011 च्या भीषण दुष्काळात पशुपालकांनी गाई मोठ्या प्रमाणावर विकल्या. पुढेही दुष्काळ पडत राहिले आणि जानेवारी 2025 मध्ये त्या देशातील गुरांची संख्या सुमारे 8 कोटी 67 लाखांवर, 1951 नंतरच्या नीचांकावर आली. पाऊस परतला तरी कळप लगेच भरत नाही, कारण कालवड दोन वर्षांची झाल्यावर प्रथम विते, आणि ती वाढवायची तर विकता येत नाही. त्यामुळे बाजारात आवक आणखी घटते, भाव चढतात आणि तिलाही विकण्याचा मोह होतो.

आपल्याकडे मात्र विक्रीची वाट अरुंद आहे. महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही 2015 पासून बंदी आहे, आणि नांगरणी पॉवर टिलरने होऊ लागल्याने पाड्यांना, म्हणजे नर वासरांना, गिऱ्हाईक उरलेले नाही. चारा संपला की ते मोकाट सोडले जातात, ही मला सर्वांत क्लेशकारक बाब वाटते. म्हणून माझे मत असे, की चाऱ्याची तूट दिसताच भाकड गाय आणि पाडा सांभाळणारे घर आधी शोधावे. तरुण, गाभण गाई मात्र शेवटपर्यंत राखाव्यात, कारण या कातळावर चरायला सरावलेली गाय बाजारातून पुन्हा आणता येत नाही.