खोक्यावरचा रुंबा

प्रश्न : मी शाळेत संगीत शिकवते. यंदा स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलांचा क्युबाचा रुंबा बसवायचा आहे. कीबोर्डवर ‘रुंबा’ नावाचा ताल आहे. तो लावून झगमगीत कपड्यांत नाच बसवला तर चालेल का? आमच्याकडे काँगा ढोल नाहीत.
– एक शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, कीबोर्डचं ते बटण आधी बंद करा. तो बॉलरूम नाचातला, म्हणजे जोडीने करायच्या पाश्चात्त्य नाचातला ताल आहे. नाव तेच, पण घराणं वेगळं. क्युबातला रुंबा हवाना आणि मातान्सास या बंदरांच्या शहरांत, गोदीवर राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या माणसांत, त्यांच्या चाळींच्या अंगणात वाढला. तिथली गुलामगिरी १८८६ मध्ये संपली, म्हणजे ही माणसं किती ताज्या जखमा घेऊन गात होती बघा. मुलांना हे आधी सांगा. कपड्यांचं नंतर.

ढोल नाहीत म्हणून अडू नका. सुक्या माशांच्या, मेणबत्त्यांच्या लाकडी पेट्यांवरही रुंबा वाजला आहे. आपल्याकडे संत्र्याची पेटी चटकन आठवते, पण ती घेऊ नका. फळ्यांमध्ये फटी असतात, आवाज घुमतच नाही. माझ्या क्लासात चहाचं प्लायवुडचं खोकं आहे, इतवारीतून आणलेलं. मधोमध तळहात मारला की खोल ‘धुम’, कडेला बोटांची टोकं मारली की ‘टक’. आतले खिळे तेवढे ठोकून घ्या, पोट्ट्यांचे हात लागतात.

आता क्लावे. दोन लाकडी दांड्यांवर वाजणारे पाच ठोके, सगळ्या रुंब्याचा कणा. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ८, ११, १३ वर टाळी द्या. आपल्या मुलांना खरी अडचण पाचव्या मात्रेला येते. तीनतालात तिथे टाळी असते, तो अंगात मुरलेला असतो, हात आपोआप उठतो. तिथे थांबायला शिकणं हाच पहिला धडा. आठव्या मात्रेची टाळी खालीच्या, म्हणजे टाळी न देता सोडायच्या नवव्या मात्रेच्या, अगदी आधी पडते, तिलाही घाई होऊ देऊ नका. माझ्या क्लासात एवढ्यासाठी दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत एकही खोकं वाजलं नाही.

प्रकार तीन : यांबू, ग्वाग्वांको, कोलंबिया. ग्वाग्वांकोत पुरुष स्त्रीला नाचता नाचता गाठू पाहतो आणि ती हुकवते. शाळेच्या रंगमंचावर मी ते टाळेन. कोलंबिया वेगवान, परंपरेने पुरुष एकेकट्याने नाचत आलेले. तुम्ही यांबू घ्या. संथ, वयस्कर माणसांच्या चालीचा, पेट्यांवरच शोभणारा.

गाण्याला मुलं बिचकणार नाहीत. एकाने ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ऐकत वाढलेल्या मुलांना ते शिकवावं लागत नाही. मात्र भजनाची चाल त्यावर चढवू नका. ओळख पटवायला तुलना ठीक आहे, गाणं त्यांचंच राहू द्या. त्यासाठी ‘लोस मुन्येकितोस दे मातान्सास’ या १९५२ पासूनच्या मंडळाचं गाणं रोज दहा मिनिटं ऐकवा.

निवेदनात ‘लॅटिन डान्स’ म्हणू देऊ नका. हवाना, मातान्सास, यांबू ही नावं निवेदकाच्या तोंडून स्वच्छ यायला हवीत. २०१६ मध्ये युनेस्कोने क्युबातल्या रुंब्याला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, तेही सांगा.

माझ्याकडे आणखी एक खोकं पडून आहे. तालमीला लागलं तर घेऊन जा.