चित्रातली लाल केसांची आई

पत्र: मावशी, माझा मुलगा अकरावीत आहे. दहावीपर्यंत घरी आला की ओट्याला टेकून दिवसभराचं सगळं सांगायचा. आता काहीही विचारलं तरी ‘काही नाही’. परवा त्याचं टेबल आवरताना एक वही उघडली. त्यात त्यानं एक गाव काढलंय, तिथल्या माणसांचे केस मनात जे चाललं असेल तसे रंग बदलतात. आमचं घरही आहे. बाबांचे केस राखाडी, आजीचे पिवळे, माझे लालभडक. स्वतःच्या डोक्यावर मात्र त्यानं टोपी काढली आहे. खरंच असे केस असते तर निदान त्याच्या मनातलं कळलं असतं. वही पाहिल्याचं त्याला सांगू का?
– नाशिकची एक आई

ताई,

सांगा. आजच सांगा. ‘टेबल आवरताना तुझी वही उघडली, न विचारता पाहिली, माझं चुकलं.’ एवढंच. त्याला जोडून ‘पण तू बोलतच नाहीस ना’ असं म्हणू नका, नाहीतर माफी तिथेच संपते आणि तक्रार सुरू होते. तुम्ही लपवलंत आणि उद्या त्याला कळलं, तर ती टोपी तो कानांपर्यंत खाली ओढेल.

त्या गावाचं मला मनापासून कौतुक वाटलं. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग नेमून दिलेला आहे. रौद्राला लाल, करुणाला कबुतराचा राखाडी, अद्भुताला पिवळा. तुमच्या लेकानं ते वाचलं नसेलही, तरी बाबांना राखाडी आणि आजीला पिवळा देताना त्यानं घरातल्या माणसांकडे किती बारकाईनं पाहिलंय! ज्याला आपण ‘घुम्या’ म्हणतो, तो सगळं टिपत असतो.

पण त्याच यादीत शृंगाराचा रंग श्याम आहे आणि भयानकाचा काळा. आता विचार करा, मुलगा संध्याकाळी काळेभोर केस घेऊन घरात शिरला. कुणी आवडायला लागलंय, की कुणाची भीती बसलीय? सोळाव्या वर्षी आईला नेमकं हेच ओळखायचं असतं आणि रंग तिथेच दगा देतो. शेवटी विचारावंच लागणार.

आपले खरे केस तर त्याहून सावकाश बोलतात. केसाचा रंग मुळाशी तयार होतो, बाहेर आलेला केस निर्जीव असतो आणि महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आज दिसतो तो रंग जुन्या दिवसांचा. 2021 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एकेका केसाचे बारीक तुकडे तपासले. एक माणूस सुट्टीवर गेला, त्या काळात त्याच्या पाच पांढऱ्या केसांना पुन्हा रंग चढल्याचं त्यांना दिसलं. पाचच केस, पण मला ते वाचून भरून आलं. काळजी हलकी झाल्याची खूण शरीर ठेवतं, फक्त ती लगेच वाचता येत नाही.

टोपीची मात्र मला भीती वाटत नाही. आपल्या मनातलं कुणी न विचारता वाचू नये, असं त्याला वाटतं आणि हा त्याचा हक्क आहे. तुम्हालाही सासरी पहिल्या वर्षी अशी एखादी टोपी हवीशी वाटलीच असेल. हां, जेवण तुटलंय, रात्र-रात्र जागतोय, मित्रही सोडलेत, जगण्यात अर्थ नाही असं बोलतोय, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो.

मला खरी काळजी आहे ती तुमच्या लाल केसांची. तुम्ही पत्रात ते एका ओळीत उरकलंत. रागावून विचारता का? क्लासचे मार्क विचारताना आवाज चढतो का? मी स्वतः माझ्या मुलीला ‘काय झालंय?’ असं विचारायचे, तेव्हा तिला ते ‘काय केलंस?’ असं ऐकू यायचं. हे तिनंच मला खूप वर्षांनी सांगितलं.

आमच्याकडे रविवारी डोक्याला तेल लावायची पद्धत होती. मी खाटेवर, ती खाली पाटावर, पाठ माझ्याकडे. समोरासमोर जे कधी निघालं नाही ते तिथे निघायचं, कारण तिला माझा चेहरा दिसत नसे. वाटीत तेल कोमट करा आणि हाक मारून बघा. नको म्हणाला तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. बसलाच, तर त्याच्याबद्दल काही विचारू नका. ‘माझे केस लाल का रे काढलेस?’ एवढंच विचारा. तो सांगू लागला की हात थांबवू नका, मध्ये खुलासा करू नका. तेल मुरेपर्यंत ऐकत राहा.

तुमची,
मावशी