अक्कलदाढ काढायचीय, पण सुईचीच धास्ती!

प्रश्न: खालची अक्कलदाढ आडवी आहे, डॉक्टर म्हणतात सुईने बधीर करून काढू, पण मला सुईचीच भीती, पूर्ण झोपवून काढायची तर कणकवली गाठा आणि खर्चही जास्त. काय करू? (देवगड)

उत्तर: ताई, सुई टोचते ती क्षणभर, आधी हिरडीला बधिरतेचं जेल लावायला सांगा. मग ओठ जड पडतो, दाब नि कडकड कळते पण दुखत नाही, दुखलंच तर हात वर करा, अजून औषध देतात. पूर्ण झोपवायचं तर भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचं भाडं, सहा तास उपाशी, वर घरी न्यायला माणूस हवाच. एका दाढेसाठी मला तरी एवढं नको वाटतं. एक्स-रे, टाके, औषधं धरून आकडा आधीच लिहून घ्या, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद नका करू.