उनो, पंपाचा टायमर आणि २५५ : ईईप्रॉम मेलेला नाही

तुमचा पंपाचा टायमर अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर आहे आणि उरलेली मिनिटं ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, ठेवतो. लाइट जाऊन आली की ती मिनिटं कधी २५५, कधी ५११ दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. विकणारे यावर डोळे झाकून 'बोर्ड बदला' म्हणतात. नव्या बोर्डावरही हेच होणार, पैसे घालवू नका.

उनोवरची चिप, एटीमेगा ३२८पी, ईईप्रॉममध्ये बाइट लिहिताना आधी तो पुसतो (पुसलेला म्हणजे २५५), मग नवी किंमत भरतो. दोन्ही मिळून सुमारे ३.४ मिलिसेकंद. पुसल्यावर वीज गेली की २५५ उरतो. ५११ तर पुरावाच आहे. तुमचं मिनिटांचं व्हेरिएबल दोन बाइटचं इंट (पूर्णांक) आहे. २५६ वरून २५५ वर येताना खालचा बाइट नवा झाला, वरचा जुना १ तसाच राहिला: २५६ + २५५ = ५११.

पण खरं नुकसान ब्राउनआउटच्या सेटिंगमुळे (व्होल्टेज किती खाली आलं की चिपने थांबून रीसेट व्हायचं ते) होतं, आणि ते कोणी तपासत नाही. उनोवर ते २.७ व्होल्टला येतं. १६ मेगाहर्ट्झला या चिपला साधारण ३.८ व्होल्ट लागतात. त्यामधल्या पट्ट्यात चिप चालू राहते, पण तिच्या वागण्याची हमी नाही. नको त्या पत्त्यावरही लिहू शकते. हे सेटिंग चिपच्या 'एक्स्टेंडेड फ्यूज' या कायम राहणाऱ्या सेटिंग-बाइटमध्ये असतं. तो हेक्समध्ये एफडी असेल, तो एफसी करा, म्हणजे ४.३ व्होल्ट. त्याला आयएसपी प्रोग्रामर (चिपवर थेट लिहिणारं उपकरण) लागेल. दुसरा उनोही चालतो. नंतर अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बर्न बूटलोडर' दाबलंत तर फ्यूज पुन्हा एफडी होईल आणि ईईप्रॉमही पुसला जाईल. यूएसबी केबल हलकी असेल तर या सेटिंगवर बोर्ड वारंवार रीसेट होईल. तेव्हा केबल किंवा अडॅप्टर बदला, फ्यूज मागे नेऊ नका.

एवढ्याने अर्धवट नोंदी थांबणार नाहीत. चार बाइटची नोंद करा: दर नोंदीला एकने वाढणारा क्रमांक, मिनिटांचे दोन बाइट, शेवटी चेकसम (नोंद पुरी लिहिली गेली का हे तपासायचा आकडा). चेकसम म्हणजे पहिल्या तिघांची बेरीज अधिक १६५ (नुसती बेरीज घेतली तर सगळी शून्यं बरोबर ठरतात). अशा ६४ खणांत फिरत लिहा. सुरू होताना चेकसम जुळणाऱ्या नोंदीच बघा. जिच्या पुढच्या खणात एकने जास्त क्रमांक नाही ती ताजी. क्रमांक एका बाइटचा, म्हणून २५५ नंतर ० येतो, हे तुलनेत विसरू नका. लिहिताना वीज गेली तर आधीची नोंद शाबूत असते, एखादा मिनिट इकडेतिकडे.

झिजेचंही यातच भागतं. हमी बाइटमागे १ लाख वेळा लिहिण्याची. ६४ खणांत ६४ लाख. मिनिटाला एक नोंद धरली तर १२ वर्षं. लूपमध्ये दर फेरीला बदलती किंमत लिहिणाऱ्यांचा तोच लाख साडेपाच-सहा मिनिटांत संपतो.

वीज जाताना कॅपॅसिटरच्या जोरावर सेव्ह करायचा सल्ला मला पटत नाही. ५० मिलिअँपला ४७० मायक्रोफॅरड एक व्होल्ट उतरायला ९ मिलिसेकंद घेतो, म्हणजे दोन बाइट. रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) ओढलेला असेल तर तेही नाही.

हे सगळं उनोपुरतं. ईएसपी८२६६ या वायफाय चिपवर ईईप्रॉम म्हणजे फ्लॅश मेमरीचा ४०९६ बाइटचा सेक्टर (तुकडा), कमिट केलं, म्हणजे बदल पक्के केले, की अख्खा पुसला जातो. तिथे वेगळा विचार करावा लागेल.