कागदावरचं गाव अजून २०११ मध्येच

या महिन्यात पत्रांचा ढीग पडलाय आणि बहुतेक सगळी एकाच प्रकारच्या गावांतून आलीत, म्हणजे धड गाव राहिलं नाही आणि धड शहर झालं नाही अशी. स्टँडच्या पलीकडे शेतं होती तिथे आता चार मजली बिल्डिंगा, आणि पाइपलाइन मात्र आजोबांच्या वेळची. त्यातली पाच घेतलीत, बाकीची पुढच्या अंकात, रागवू नका.

प्रश्न: ताई, आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय की आमची नगरपरिषद आता महापालिका होणार. वडील म्हणतात घरपट्टी तिप्पट होईल, मित्र म्हणतो जागेचे भाव वाढतील. खरं काय? (एक कॉलेज विद्यार्थी)

दोघंही अर्धं अर्धं बरोबर असतील, पण आधी आकडा बघ. महाराष्ट्रात महापालिकेसाठी लोकसंख्या साधारण किमान तीन लाख लागते. नगरपरिषदांमध्येही वर्ग असतात, एक लाखाच्या वर असेल तर अ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ब, त्याच्या खाली क. आणि यातली लोकसंख्या म्हणजे तुला रस्त्यावर दिसते ती गर्दी नव्हे, जनगणनेतली लोकसंख्या, आणि शेवटची जनगणना झाली २०११ ला! २०२१ ची झालीच नाही, पुढची २०२७ ला ठरलीय. म्हणजे तुमच्या गावात त्यानंतर जेवढे लोक राहायला आले ते सरकारी हिशोबात अजून पोचलेलेच नाहीत, वॉर्ड पाडताना पण नाहीत आणि लोकसंख्येवर मिळणाऱ्या निधीत पण नाहीत. माझ्या मते वाढत्या गावांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे आणि त्यावर कुणी मोर्चा काढत नाही.

आता गंमत बघ, इचलकरंजी २०२२ ला महापालिका झाली, जालना २०२३ ला, आणि दोघांचीही २०११ ची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी आतच होती. म्हणजे आकडा असतो पण शेवटी निर्णय राज्य सरकारचा. पनवेलची तर वेगळीच गोष्ट, १८५२ ची नगरपालिका, महापालिका झाली २०१६ ला, आणि ती होताना आजूबाजूची २९ गावं आत घेतली. तेव्हा ग्रुपवरच्या फॉरवर्डपेक्षा हद्दवाढीची अधिसूचना निघालीय का ते विचार.

घरपट्टीचं म्हणशील तर नुसतं नाव बदललं म्हणून ती आपोआप तिप्पट होत नाही. पण बाबांना सांग की नगरपरिषदेत पण दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, चतुर्थ वार्षिक म्हणतात तिला, तेव्हा घरी नोटीस येते आणि हरकत घ्यायची मुदत त्यातच लिहिलेली असते. लोक ती नोटीस लाइटबिलाबरोबर खिळ्याला अडकवून ठेवतात आणि मग बिल आल्यावर ओरडतात. अजून एक, जे ग्रुपवर कुणीच लिहीत नाही, नगराध्यक्ष तुम्ही थेट मत देऊन निवडता, महापौर नगरसेवक निवडतात. म्हणजे महापालिका झाली की तुझं एक मत कमी होणार आहे.

प्रश्न: आमच्याकडे पाणी तीन दिवसांतून एकदा येतं, पाऊण तास. पहिली दहा मिनिटं पिवळट आणि वास येतो. तक्रार केली की म्हणतात टाकी धुतलीय, पाणी शुद्ध आहे. शेजारचे नळाला मोटर लावतात ते वेगळंच. (एक गृहिणी)

ताई, टाकी खरंच धुतली असेल हो. टाकीत पाणी चांगलं असू शकतं आणि तुमच्या हंड्यात घाण, दोन्ही एकाच वेळी. कारण काय, तर पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आत पोकळी तयार होते आणि जिथे गळती आहे तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. जेव्हा पाणी सुटतं तेव्हा गळतीतून चांगलं पाणी बाहेर जातं, बंद असतं तेव्हा त्याच भोकातून घाण आत येते. २४ तास पाण्याचा आग्रह यासाठी असतो, चैन म्हणून नाही, पाइप भरलेला आणि दाबाखाली असला की बाहेरचं आत शिरत नाही. आणि ही मोटर! मोटर तेच काम जास्त जोरात करते, शेजाऱ्यांचं पाणी ओढते ते ओढतेच, वर गटाराचंही ओढते, आणि ते पहिलं त्यांच्याच घरात जातं हे त्यांना एकदा शांतपणे सांगा. भांडून सांगू नका, भांडून मोटरी निघाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

तुमच्या घराचा जोड बघा आधी. मेन लाइनपासून तुमच्या मीटरपर्यंतची नळी कुठून आलीय? जुन्या पेठांमध्ये ती सरळ गटारातून आडवी गेलेली असते, लोखंडी, वरून हात लावला तर गंजाचे पापुद्रे निघतात. तो तुकडा बहुतेक ठिकाणी घरमालकाच्या खर्चाने बदलायचा असतो म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. आमच्या आईकडे असंच झालं होतं, तीन वर्षं पालिकेला शिव्या घातल्या आणि शेवटी सापडलं आमच्याच पायरीखालच्या गटारात, करंगळीएवढं भोक.

तोवर पहिली दहा मिनिटं पाणी पिण्यात घेऊ नका, झाडांना, संडासला वापरा. पिण्याचं खळखळ उकळी येऊन एक मिनिट तरी उकळू द्या. आणि ओ.टी. म्हणजे ऑर्थोटोलिडिन टेस्ट करून मागा, पाण्यात त्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, नाही झालं म्हणजे नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन राहिला पाहिजे असं मानक आहे. टेस्ट टाकीजवळ नाही, तुमच्या नळाला करायला सांगा, आणि पाणी सुटल्या सुटल्या.

पाणी किती मिळतं तेही मोजा. २० लिटरची बादली घ्या, मोबाइलवर वेळ लावा. समजा दीड मिनिटात भरली, तर पाऊण तासात ३० बादल्या, ६०० लिटर. तीन दिवसांना ६०० म्हणजे दिवसाला २००, घरात पाच माणसं असतील तर माणशी ४०. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी १३५ लिटर आणि नसलेल्याला ७० असा निकष आहे. आता "पाणी कमी येतं" या अर्जापेक्षा "माणशी ४० येतं, निकष ७० चा आहे" हा अर्ज द्या, उत्तर देणाऱ्याला पण जरा बसून लिहावं लागतं.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी केलेला काँक्रीटचा रस्ता उखडला. ठेकेदार कोण ते सुद्धा कळत नाही. (रिक्षाचालक)

भाऊ, माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांत उत्तर. मोघम विचारू नका, नावानिशी मागा: कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, आणि दोषदायित्व कालावधी किती ते. तो कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खिशातून व्हायला पाहिजे, आपल्या पट्टीतून नाही. आणि २००५ च्या त्या कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचा पण हक्क आहे, हे फार थोड्यांना माहितीय. नमुना मागितल्याचा अर्ज आला की कधीकधी रस्ता आपोआप नीट होतो म्हणे.

प्रश्न: आमच्या प्रभागात दोन नगरसेवक आहेत. दिव्याच्या खांबाचं विचारलं की एक म्हणतो ते दुसऱ्याकडे, दुसरा म्हणतो पहिल्याकडे. (नाव छापू नये)

प्रभाग दोघांचा आहे, अर्धा अर्धा वाटलेला नाही. पण खरं सांगू का, दिव्याच्या खांबासाठी नगरसेवकाच्या मागे फिरण्यात चपला झिजवू नका. नगरपरिषदेत प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी असतो, अर्ज त्यांच्या नावे करा, आवकला द्या आणि आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दोघा नगरसेवकांना त्याचा फोटो पाठवून द्या, एकाच ग्रुपमध्ये.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. आमच्या नगरपालिकेची स्मरणिका निघतेय, गावाचा इतिहास लिहायचं माझ्यावर आलंय. विचारलं की सगळे पांडवांपासून सुरू करतात. गावात एक जुनी बारव आहे, तिच्या आत एक शिळा आहे, अक्षरं पुसट. कुठून सुरुवात करू? (एक गुरुजी)

गुरुजी, पांडवांना राहू द्या, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात एक रात्र राहून गेलेत. तुम्ही पालिकेच्या रेकॉर्ड रूमपासून सुरू करा, वाळवीने खाल्ली नसतील तर जुनी प्रोसिडिंग बुकं असतात, ठराव असतात. कुणाच्या दारात पहिला कंदील लागला, हौदाला किती खर्च आला, कुणी विरोध केला, सगळं त्यात. १८५० च्या २६ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या गावांना नगरपालिका करायची मुभा मिळाली, पनवेल त्याच लाटेतलं. १८८२ ला लॉर्ड रिपनचा ठराव आला आणि त्यानंतर निवडून आलेले सभासद वाढत गेले. तुमचं गाव मराठवाड्यात असेल तर हे लागू नाही, तिथे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, कागद उर्दूत असतील, आणि सन फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाची वेगळी कालगणना. वऱ्हाडचा कारभार परत निराळा.

इंग्रजांच्या काळातलं गॅझेटिअर वाचा, खानदेश आणि रत्नागिरीचं १८८०, ठाण्याचं १८८२, नाशिक आणि कुलाब्याचं १८८३, पुणे आणि साताऱ्याचं १८८५. त्यात तुमच्या गावाला पाच ओळी असतील, पण बाजार कुठल्या वारी भरायचा ते असतं. आणि तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर! कुठल्या वर्षी कुठल्या गावाहून मुलं यायला लागली, बापाचा धंदा काय, गाव कसं वाढलं ते त्याच्याइतकं कुठेच सापडणार नाही, आणि ते वाचायला तुमच्यासारखा माणूस पाहिजे. फक्त मुलांची नावं स्मरणिकेत घालू नका.

आता शिळा. तेल, खडू, ॲसिड काही लावू नका, सिमेंट तर बिलकुल नाही, मऊ ब्रश आणि साधं पाणी बास. अंधार पडल्यावर जा, टॉर्च शिळेच्या समोर न धरता अगदी कडेने, दगडाला चिकटवून धरा, मग अक्षरांच्या सावल्या पडतात आणि दिवसा न दिसणारी ओळ उभी राहते. चारी बाजूंनी टॉर्च फिरवून चार फोटो काढा. एकट्याने उतरू नका, पायऱ्यांना शेवाळ असतं.

शके दिसलं तर ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुन असेल तर बहुधा ७९. सातारा जिल्ह्यात लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीवर शके १६४१ ते १६४६ आहे, म्हणजे १७१९ ते १७२४. फसली सन असेल तर आपल्याकडे ५९० मिळवायचे. शक्यतो संवत्सराचं नाव पण असतं, विकारी, शार्वरी असं काही, ते साठ वर्षांनी परत येतं, त्यामुळे एखादा आकडा पुसला असेल तर नावावरून पडताळा होतो. मोडी असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी मोडी वाचणारे असतात, त्यांना मूळ फोटो द्या, व्हॉट्सॲपने बारीक केलेला नको.

आणि गुरुजी, बारव साफ करायला तरुण पोरं तयार आहेत असं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते उत्तम, पण गाळ उपसून सरळ ट्रॉलीत भरू नका. पहिले दोन दिवस मोजमाप घ्या, पायऱ्या किती, कोनाडे किती, कशाची तोंडं कुठल्या दिशेला, आणि बारव संरक्षित यादीत आहे का ते पुरातत्त्व विभागाला विचारून घ्या. शिळेचे फोटो आले की आम्हालाही पाठवा, पुढच्या अंकात जागा ठेवतेय.