वाचकांचे प्रश्न : औषधशास्त्राच्या दुकानातला वंशवाद

प्रश्न : इरावती कर्वे यांचे बर्लिनमधील मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा आनुवंशिकतेवरील ग्रंथ वैद्यकीय पुस्तकांच्या एका प्रकाशकाने काढला होता, असे वाचले. हा प्रकाशक कोण होता आणि त्याने तो केवळ धंदा म्हणून छापला का?

उत्तर : त्याचे नाव युलिउस फ्रीडरिश लेमान. १८६४ साली झुरिकमध्ये जन्मलेल्या लेमानने १८९० मध्ये म्युनिकला प्रकाशनसंस्था काढली आणि वैद्यकीय साप्ताहिक व डॉक्टरांसाठीचे सचित्र संदर्भग्रंथ यांवर तिचा जम बसवला. मध्य युरोपातील वनस्पतींवरचा हेगी यांचा ग्रंथही त्याचाच. धंदा त्याला उत्तम कळत होता. पण वंशवादी पुस्तकांमागे केवळ धंदा होता असे म्हणता येत नाही, कारण तो अखिल जर्मन संघ या उग्र राष्ट्रवादी संघटनेचा कट्टर कार्यकर्ता होता आणि १९१७ पासून त्याच मताचे एक मासिकही चालवत होता.

बाउर, फिशर आणि लेन्झ यांचा, आपण उल्लेखिलेला ग्रंथ १९२१ चा. त्याचे लेखक निदान विद्यापीठीय शास्त्रज्ञ तरी होते. १९२२ मध्ये मात्र जर्मन लोकांच्या वंशाविषयीचे पुस्तक लेमानने हान्स ग्युन्टर याच्याकडून मुद्दाम लिहवून घेतले, आणि हा ग्युन्टर मूळचा भाषाशास्त्राचा! ज्या नाममुद्रेवर डॉक्टर डोळे मिटून विश्वास ठेवत, तिच्याच खाली हे पुस्तक आल्यामुळे त्याला शास्त्राची प्रतिष्ठा आयतीच मिळाली. माझ्या मते लेमानचे खरे कर्तृत्व, किंवा अपराध, हाच आहे. (इरावतीबाईंनी फिशर यांच्याच हाताखाली कवट्या मोजल्या, आणि कवटीच्या दोन बाजूंमधील विषमतेचा वंशाशी संबंध लागत नाही, असा निष्कर्ष काढला.)

लेमान केवळ छापून थांबणारा नव्हता. नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरने म्युनिकमध्ये सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ओलीस धरलेल्या बव्हेरियाच्या मंत्र्यांना हिटलरचा साथीदार रुडॉल्फ हेस याने लेमानच्याच बंगल्यात नेऊन ठेवले. बंडातील एका सशस्त्र संघटनेचा प्रमुख फ्रीडरिश वेबर हा तर त्याचा जावई होता. हिटलरला तो आपली वंशविषयक प्रकाशने स्वहस्ते अर्पणपत्रिका लिहून पाठवीत असे.

१९३३ मध्ये नाझी सरकारने आनुवंशिक रोगी ठरवलेल्या लोकांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्यावरचे अधिकृत भाष्य पुढच्या वर्षी लेमानच्याच संस्थेने प्रसिद्ध केले. मार्च १९३५ मध्ये तो वारला, तोवर त्याची जुनी गिऱ्हाइके, म्हणजे डॉक्टर मंडळी, तो कायदा अमलात आणू लागली होती.